समुद्राची ओटी
नारळाच्या ओल्या शेंडीचा वास आला की मला अलिबागचा समुद्र आठवतो. मूल होत नव्हतं, डॉक्टरांनीही हात टेकले होते. दसरा झाल्यावर आम्ही दोघं बसनं गेलो, एका दिवसापुरते. गुडघाभर पाण्यात उभं राहून मी समुद्राची ओटी भरली. आमच्याकडं गोदावरीत सोडलेली ओटी वाहून जाते, मागं येत नाही. इथं लाटेनं नारळ माझ्याच पायाशी आणून टाकला. ह्यांनी तो लांब भिरकावला, तर पुन्हा आला. "समुद्राचं असंच आसतंय, लई मनावर घिऊ नको," हे म्हणाले, पण माझ्याकडं बघत नव्हते. बीडपर्यंत तो नारळ माझ्या मांडीवर होता. फोडायचा धीर आम्हाला झालाच नाही. वर्षभरात त्यातलं पाणी वाजायचं थांबलं. तरी देवघर पुसताना मी तो अजून कानाशी धरून हलवते.