साठमारीवाल्याची खापरपणती उंटांच्या शर्यतीला

अण्णांचं परतीचं विमान रविवारी होतं आणि आमच्या सईने त्यांच्याशी बोलणं मंगळवारीच बंद केलं होतं. अण्णा म्हणजे माझे वडील, मुक्काम कोल्हापूर. सई माझी मुलगी, वय बारा, जन्म दुबईचा. नाकावरचा राग मात्र दोघांचा अगदी एक!

भांडण हत्तीवरून. सईच्या शाळेत वादविवाद स्पर्धा होती, विषय ‘खेळात प्राणी नकोत’. अण्णांनी हौसेने तिला साठमारी सांगितली. संस्थानच्या काळात दगडी आवारात हत्तीला दारू पाजून पिसाळवायचे. मग माणसाने त्याला डिवचायचं आणि हत्ती शिरणार नाही अशा अरुंद दारातून निसटायचं. अण्णांचे आजोबा नामांकित साठमारीवाले. “हत्तीला हरवलंय आमच्या आज्जानं!” हे मी जन्मापासून ऐकत आलेय.

“दॅट्स जस्ट बुलिंग, आजोबा,” सई म्हणाली. अण्णा ताटावरून उठले.

असे रुसून गेले तर पुन्हा यायचे नाहीत, ही मला धास्ती. म्हणून शनिवारी दोघांना गाडीत कोंबलं आणि निघाले उंटांच्या शर्यतीला. आगीत तेल म्हणा हवं तर, पण निदान तिघं एका गाडीत तरी बसलो.

जाणाऱ्यांसाठी सांगते: दुबईत आम्ही राहतो त्या अल कुसैसहून अल ऐनच्या रस्त्याने पाऊण तास लागतो. शर्यती थंडीच्या मोसमात, भल्या सकाळी असतात, तेव्हा सहाला घर सोडा. तिकीट नाही. तारीख आधी विचारून घ्या, गेल्या वर्षी आम्ही हात हलवत परतलो होतो. वाटेत इथला दाट, दुधाळ करक चहा घेतला, दोन दिरहमला एक. “म्हणजे पन्नास रुपयं!” असं म्हणत अण्णा दोन कप प्यायले.

मैदानावर पोचलो आणि अण्णा बघतच राहिले. उंटांच्या पाठीवर माणूस नाही, तर रंगीत सदरा घातलेला डब्याएवढा रोबो! मालक ट्रॅकशेजारच्या रस्त्यावरून गाडी पळवत रिमोटने त्याचा चाबूक चालवतो. आम्ही कुंपणाशी घुटमळत होतो, तेवढ्यात एका पांढऱ्या गाडीची काच खाली झाली. सालेम नावाचे एक वयस्क अरब गृहस्थ होते, त्यांची सांडणी धावणार होती.

“यल्ला, आओ! बाबा, तुम आगे बैठो.”

पुढची पाच मिनिटं शब्दांत पकडणं कठीण. शंभरेक गाड्या, हॉर्न, धूळ, वॉकीटॉकीवर ओरडणारे सालेम आणि त्यांच्याहून जोरात “पळ की गं, पळ!” करणारे अण्णा. मग सालेमनी बटण दाबलं, चाबूक गरगरला आणि अण्णा काचेकडे वाकले.

“वर माणूसच न्हाई,” ते पुटपुटले. “मग जिवावर बेतणार कुणाच्या? तिच्या एकटीच्याच.”

तेवढ्यात सांडणी थांबली. भर शर्यतीत. मान उंचावून तिने इकडेतिकडे पाहिलं, वळली आणि रमतगमत परत निघाली. मला वाटलं, आता सालेम भडकणार. त्यांनी रिमोट बाजूला टाकला आणि पोट धरून हसले. “खलास! आज मॅडम का मूड नहीं.”

“शी सेड नो!” मागून सई किंचाळली. मग चार दिवसांत पहिल्यांदाच अण्णांना म्हणाली, “आजोबा, हत्तीला असं नो म्हणता यायचं?”

अण्णांनी मान वळवून परत निघालेल्या सांडणीकडे पाहिलं.

“एकदा म्हणाला हुता. आज्जा पळताना घसरला. हत्ती अंगावर आला, पाय उचलला... आन् बाजूला ठेवून निघून गेला. आज्जा दारातनं भाईर आला तवा लोकांनी फेटे उडवले. आज्जा मातर पुन्हा कधी त्या आवारात गेला न्हाई.”

“हे तुम्ही कधीच नाही सांगितलंत,” मी म्हटलं.

“हरल्याली गोष्ट कोण सांगतंय पोरीला?”

माझे डोळे भरून आले. चाळीस वर्षं मी अर्धीच गोष्ट ऐकत होते. सालेमना मराठी कळत नव्हतं, पण त्यांनी गाडी हळू केली. नंतर त्यांनी उंटिणीचं दूध पाजलं. किंचित खारट, पण जरूर चाखा. येताना आजोबा आणि नात मागच्या सीटवर एकत्र बसले आणि मी बिनपगारी ड्रायव्हर झाले.

अण्णा ठरल्याप्रमाणे रविवारी गेले. गुरुवारी सईने भाषण लिहिलं. पहिलंच वाक्य होतं: माय ग्रेट-ग्रेट-ग्रँडफादर लॉस्ट टू ॲन एलिफंट. अण्णांना विचारल्याशिवाय हे शाळेत जाऊ द्यायचं नाही, असं मी ठरवलं. फोन लावला आणि भीतभीत अर्थ सांगितला.

पलीकडे अण्णांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

“हरला म्हणतीय न्हवं?”

“हो, अण्णा. बदलायला सांगू का?”

“कशाला? नाव घालाय सांग तेवढं.”

“पणजोबांचं?”

“हत्तीचं,” अण्णा म्हणाले. “गुलाब हुतं त्याचं नाव.”