मैदानाकडे पाठ

जावा बेटावरच्या केदुंगसारी गावाच्या निळ्या फुटबॉल संघाचा एकही सामना लिक तुमिजाननी धड पाहिला नव्हता. लिक म्हणजे काका. अर्ध्या गावाचे ते काका होते. उत्तरेच्या गॅलरीपुढे बांबूचा मचाण असे. त्यावर ते मैदानाकडे पाठ करून उभे राहत आणि माणसांकडून गाणी म्हणवून घेत. गोल झाला की समोरच्या चेहऱ्यांवरून कळे. कोणी केला, ते सामना संपल्यावर.

एरवी ते रस्त्याकडेच्या टपरीत मशिदींचे पत्र्याचे घुमट ठोकत. त्या ठोकाठोकीत त्यांना ठेके सुचत. पोरं मोबाइलवर इस्तंबूलचे, ब्युनोस आयरेसचे सामने दाखवत. लिक म्हणत, "खेळ नको रे. लोकं दाखव." आठवड्याभरात तिथला ठेका इथल्या गॅलरीत जावानीज शब्द घालून घुमे.

शेजारच्या पुर्वासातूच्या लाल संघाशी हाडवैर होतं. मागे एकदा दगडफेक झाली आणि पाहुण्या प्रेक्षकांवर दोन्ही गावांत बंदी आली. दक्षिणेची गॅलरी ओस पडली.

"रिकाम्या सिमेंटला काय चिडवायचं?" लिक म्हणाले आणि सरळ पुर्वासातूला गेले. तिथे लाल गॅलरीचा ढोल बु रुकियाती, म्हणजे रुकियातीबाई, वाजवत. बाजारात त्यांचं नारळाचं दुकान होतं.

"तुमचा आवाज इथवर येतो, लिक," त्या म्हणाल्या. "आम्हाला वाटतं, कोणाची तरी म्हैस अडलीय."

"मग या की, बु. सोडवायला."

बंदी उठवा म्हणायला दोघं मिळून पोलिसांकडे गेले. अधिकाऱ्याने एकच अट घातली. 'लालांनो मरा' हे गाणं नको. ते म्हटलं गेलं, तर बंदी कायमची. लिकनी शब्द दिला.

निळ्यांच्या ढोलवाल्या गांदुंगला ते पटलं नाही. "तेच गाणं नाही, तर लालांना बोलावलं कशाला? चहा पाजायला?"

"चिडवायला. मेलेल्यांना कसं चिडवशील?"

सामन्याच्या दिवशी दक्षिणेची गॅलरी लाल झाली. लिक मचाणावर चढले. पूर्वार्ध छान गेला. टोमणे इकडून गेले, तिकडून आले. मग उत्तरार्धात समोरचे सगळे चेहरे एकदम पडले. लालांनी गोल केला होता.

मागच्या रांगांतून ते गाणं सुरू झालं. लिकनी हात वर केला. कोणी पाहिलं नाही. ते भोंग्यातून ओरडले. त्यांचा आवाज बुडाला. गांदुंगच्या काठ्याही त्या ठेक्यावर पडू लागल्या. कुंपणाशी उभ्या अधिकाऱ्याने वायरलेस हातात घेतला.

लिकनी भोंगा खाली ठेवला. आणि ते वळले. तोंड मैदानाकडे, पाठ माणसांकडे.

त्या गॅलरीत याचा अर्थ एकच होतो. तुम्ही माझे नव्हेत.

पहिली रांग गप्प झाली. "लिक वळले," कोणीतरी म्हणालं. ते शब्द रांगेरांगेने मागे गेले. गांदुंगच्या काठ्या हवेतच थांबल्या. मागे चारदोन आवाज उरले होते, तेही ओशाळून विरले. अधिकाऱ्याने वायरलेस कमरेला लावला.

भरल्या गॅलरीत पाखराचा आवाज ऐकू यावा, इतकी शांतता. मग दक्षिणेकडून रुकियातींचा ढोल हळूच वाजला. सगळी लाल गॅलरी केदुंगसारीसाठी अंगाई म्हणू लागली.

"लिक, वळा," गांदुंग कळवळला. "नाक कापलं जातंय."

"ते गाणं?"

"पुन्हा नाही. माझा शब्द. सगळ्यांचा."

"थांब जरा. तो सात नंबर कोण? बरा पळतो."

"आपला कॅप्टन आहे तो. केव्हाचा."

लिक वळले. त्यांनी ओले डोळे पुसले आणि भोंगा उचलला. उरलेला वेळ उत्तरेची गॅलरी अशी गायली की पत्रे थरथरले. गोल काही फिटला नाही. केदुंगसारी हरली.

लालांच्या बस फाटकातून निघाल्या. एकही दगड उडाला नाही. शेवटच्या बसच्या खिडकीतून रुकियातींनी हाक मारली, "लिक, आमच्याकडे येताना उशा आणा."

अधिकारी जवळ आला. "पुढचा सामना पुर्वासातूला. तुमचे किती येतील?"

लिकनी मागे पाहिलं. संघ हरला होता, तरी गॅलरीतून कोणी हललं नव्हतं. घाम पुसत, आवाज बसलेली ती सगळी माणसं त्यांच्याकडेच बघत होती.

"सगळे," लिक म्हणाले.