बापूजींचं बसणं

बापूजी भोयर आणि मी ऑफिसात एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसत असू. आमचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं. चौऱ्याहत्तर सालच्या पावसाळ्यानंतर त्यांना तो जिना एका दमात चढवेना. अर्ध्यावर थांबून, कोणाची तरी वाट पाहिल्यासारखे ते खाली रस्त्याकडे बघत राहत. वय जेमतेम चाळीस. दुपारी फाइलवर मान पडायची, म्हणून साहेबांची बोलणी खायचे.

खरी अडचण रात्रीची होती. आडवं झालं की थोड्या वेळात छाती धडधडायला लागे, श्वास कोंडे आणि ते उठून बसत. बसलं की हळूहळू बरं वाटे. शेवटी त्यांनी निजणंच सोडलं. खिडकीशी मांडी घालून, भिंतीला पाठ लावून ते रात्र काढू लागले. जवळच्या डॉक्टरांनी गॅसेस ठरवून गोळ्या दिल्या होत्या. त्या गोळ्यांनी काही फरक पडला नाही.

ते नंदनवन वस्तीत थोरले बंधू चंपतराव यांच्या घरी राहत. बापूजींची खोली रस्त्याच्या अंगाला. कार्तिकात बाया पहाटे काकड आरतीला त्याच रस्त्यानं जात. पुढे रंभाबाई असायच्या. खिडकीत ताठ बसलेला, डोळे मिटलेला माणूस त्यांनी एक दिवस पाहिला, दुसऱ्या दिवशी पाहिला, आणि आठवडाभरात वस्तीत बोलबाला झाला की बापूजी रात्रभर आसनावर असतात.

बाया पहिल्यांदा नमस्काराला आल्या तेव्हा बापूजी हसले. म्हणाले, "काहून पाया पडता वं माय? मले निजताच येत नाही."

"आमची झोप सुटता सुटत नाही, आन तुम्हाले निजता येत नाही," रंभाबाई म्हणाल्या. "हेच तर पाह्याले आलो आम्ही."

त्यापुढे ते जे सांगत ते त्यांच्या नम्रतेच्या खात्यावर जमा होई. धाप लागली की लोक म्हणत प्राणायाम चाललाय. मानेवरची शीर थडथड उडायची, ती पाहून कोणीतरी म्हणालं, नाम कसं गळ्यातून चाललंय बघा. खिडकी लावावी तर जीव गुदमरे, उघडी ठेवावी तर बाहेर हात जोडून माणसं उभी. ऑफिसात ते मला म्हणाले होते, "आजकाल खोकलाही भिऊन भिऊन येते गा."

चंपतरावांना मात्र हे मानवलं. ज्यांनी त्यांना कधी विचारलं नव्हतं, ते वाटेत थांबून रामराम करू लागले. त्यांनी बापूजींसाठी चौरंग करून घेतला, दर गुरुवारी सतरंजी अंथरली. बापूजींची बायको मनकर्णा हिनं धंतोलीतल्या मोठ्या डॉक्टरांना दाखवू या, असं दोनदा सुचवलं. दोन्ही वेळा चंपतरावांनी तिला समजावलं की माणूस दवाखान्याच्या रांगेत दिसला तर लोकांच्या श्रद्धेचं काय होईल. ती पुढे बोलली नाही. घर त्यांचं होतं आणि ते वाईट माणूस नव्हते. भावाच्या अंगी काही उतरलंय, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी मी ऑफिसातून परस्पर तिकडे गेलो. खोली भरलेली होती. रंभाबाई आपल्या मुलाला घेऊन आल्या होत्या. श्रीधर नुकताच डॉक्टर झाला होता, धंतोलीत एका दवाखान्यात काम करत होता आणि इथं येणं त्याला मुळीच आवडलेलं दिसत नव्हतं. आईनं दंडाला धरून पुढे ढकललं तसा तो वाकला.

पण तो उठेना. त्याचे हात बापूजींच्या पायांवरच राहिले. बायांना भरून आलं. रंभाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मी बाजूला बसलो होतो म्हणून मला दिसलं की श्रीधर नडगीवर अंगठा दाबून धरतो आहे. अंगठा काढला तरी कणकेत बोट रुतावं तसा खड्डा तिथंच राहिला.

त्यानं मान वर करून हळूच विचारलं, "काका, आडवं झाल्यावर काय होते?"

त्या घरात हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. बापूजींनी सगळं सांगितलं. लहानपणी ताप येऊन सांधे सुजले होते का, हेही त्यानं विचारलं. गुडघे सुजून गावी कित्येक महिने अंथरुणावर होतो, असं बापूजी म्हणाले. श्रीधरनं त्यांच्या छातीला कान लावला आणि बराच वेळ तसाच राहिला.

"हे आसन नव्हे," तो उठून म्हणाला. "त्या तापानं हृदयाची झडप खराब झालेली वाटते. निजलं की फुप्फुसात पाणी भरते, म्हणून हे बसतात. आजच हलवा."

खोलीत कुजबुज झाली. रंभाबाईंचं तोंड उतरलं. एवढ्या लोकांत त्यांची शोभा झाली होती. "शिकला म्हणून सगळ्यांचंच मोजमाप घेत जाऊ नको," त्या म्हणाल्या. चंपतरावांनी शांतपणे सांगितलं की आजचा गुरुवार पार पडू द्या, सकाळी पाहू. आणि सगळ्यांनी बापूजींकडे पाहिलं, की आता तेच काय ते सांगतील.

सांगून कोणाला पटत नव्हतं, हे बापूजींइतकं कोणाला माहीत होतं? ते चौरंगावरून उतरले, सतरंजीवर बसले आणि सगळ्यांसमोर उताणे निजले.

सुरुवातीला लोकांनी हात जोडले. मग श्वासाचा आवाज यायला लागला. घागर बुडताना येतो तसा. ओठ काळे-निळे पडले, बोटं सतरंजी ओढू लागली. मनकर्णानं सगळ्यांना बाजूला सारून त्यांना खांद्याला धरून उठवलं आणि छातीशी टेकवून धरलं. "आता तं पाह्यलं ना," ती म्हणाली. कोणाकडे बघून म्हणाली नाही.

जोडलेले हात केव्हा खाली आले ते कोणाच्या लक्षात आलं नाही. चंपतराव अनवाणीच रिक्षा आणायला धावले.

दवाखान्यात बापूजींच्या अंगातलं पाणी औषधांनी उतरवलं. अरुंद झालेली झडप मोकळी करायला मुंबईला जावं लागेल, असं सांगण्यात आलं. पुढच्या गुरुवारी मी भेटायला गेलो तेव्हा मनकर्णा पलंगाजवळ बसून संत्रं सोलत होती. बापूजींनी तिला विचारलं, "बाहेर कोणी आलं का वं?"

"कोणी नाही," ती म्हणाली.

त्यांनी उशी सारखी केली आणि आडवे होऊन ते कुशीवर वळले.