आत्या हलली नाही

चित्रपटगृहातल्या खुर्च्यांखाली चिकटलेलं च्युइंगगम खरवडण्यात आत्याची उभी हयात गेली. उभी आपली म्हणायची, कारण ती बरीचशी गुडघ्यांवरच गेली. हत्यार म्हणजे घरातलंच एक जुनं उलथनं. कानशीने घासून त्याला तिने अशी धार आणली होती की मालकसुद्धा तिच्याशी जरा अंतर ठेवून बोलत. लोक पडद्यावर कोण कोणाला मिळालं ते बघायला यायचे. आत्याला त्या चित्रपटगृहात लागलेला एकही चित्रपट धड ठाऊक नव्हता, पण कोणत्या रांगेत कोणत्या वयाची माणसं बसतात हे ती खुर्चीच्या बुडावरून सांगायची.

कामावरची सवय कामावरच ठेवावी, तर ते तिला जमायचं नाही. काहीही चिकटलेलं दिसलं की हिची नखं शिवशिवायला लागत. फळांवरचे कागद, वहीवरचं नाव, नव्या भांड्यावरची किंमत, सगळं ती सोलून काढायची, त्याची बोटांत गोळी वळायची आणि गोळी खिशात टाकायची. घरातल्या बाटल्यांवर एक लेबल शिल्लक नव्हतं. तिच्या भावाने एकदा खोकल्याचं औषध म्हणून दोन चमचे केसांचं तेल घेतलं आणि वर गुण आला म्हणून सांगितलं. भाऊ ट्रक चालवायचा, महिना महिना बाहेर. त्याची बायको लवकर गेली, तेव्हापासून त्याची मुलगी आत्याकडेच वाढली. मुलगी एका जागी ठरायची नाही म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. शाळेत धावून तिने जेवढे कप आणले, त्या सगळ्यांवरच्या पट्ट्या आत्याने उतरवल्या. पहिला नंबर कुठला आणि तिसरा कुठला हे आता देवालाच माहीत. आत्या विचारणाऱ्याला सगळेच पहिले म्हणून सांगायची.

हीच भिंगरी पुढे देशाच्या रिले संघात गेली. चार मुली, एक बॅटन, एकीने धावत जाऊन दुसरीच्या हातात द्यायचा. भिंगरी तिसरी. आता तिसरीचं दुखणं असं की पहिल्या दोघींनी बॅटन नीट आणला तरच तिला काम. आणि आदल्या दोन्ही आंतरराष्ट्रीय स्पर्धांत तो मधेच पडला. भिंगरी परदेशात गेली, हात मागे करून उभी राहिली आणि परत आली. दोनदा. गल्लीतल्या लोकांनी तिला विमानतळावरून हार घालून आणलं, पण नेमकं कशाबद्दल ते कोणालाच सांगता येईना. आत्या मात्र मनातून खचली होती. चित्रपटगृह सुट्टीच्या दिवशी भरतं आणि शर्यतीही सुट्टीच्याच दिवशी असतात, त्यामुळे तिने पोरीला शाळेनंतर धावताना पाहिलंच नव्हतं. टीव्हीवर पाहायला बसली तर दोन्ही वेळा पोर उभीच.

तिसरी स्पर्धा त्यांच्याच शहरात भरली. ही झाली की भिंगरी धावणं सोडून नोकरीला लागणार, हे ठरलेलं होतं. म्हणजे आता नाही तर कधीच नाही. आत्याने मालकांकडे रजा मागितली. मालकांनी कुरकुर केली, तेव्हा ती उलथनं हातात धरून तिथेच उभी राहिली, आणि रजा मिळाली. तिकिटं मात्र केव्हाच संपली होती. मग कोणीतरी सांगितलं की स्पर्धेला स्वयंसेवक हवेत, टोपल्या उचलायला.

हे टोपल्यांचं प्रकरण असं. धावणाऱ्या मुली शेवटच्या घटकेला अंगावरचे गरम कपडे काढतात. रिलेत त्या मैदानाच्या चार कोपऱ्यांत उभ्या असतात. त्यांचे कपडे टोपलीत गोळा करून शर्यत संपते तिथे पोचवायचे. पिवळा टी-शर्ट, फुकट पाणी आणि मैदानावर प्रवेश. आत्याने लगेच नाव घातलं. प्रशिक्षणात एका बाईंनी समजावून सांगितलं की टोपली उचलायची, रांगेत चालायचं आणि मैदानावरच्या कशालाही हात लावायचा नाही. यातलं तिसरं वाक्य आत्याच्या कानावर पडलं नाही, कारण तेव्हा ती पुढच्या खुर्चीच्या पाठीवर चिकटलेला कागद काढत होती. आपल्या संघाची लेन नेमकी एका कॉलेजच्या मुलीच्या वाट्याला आली होती. आत्याने तिला बिस्किटांचा पुडा दिला आणि लेन घेतली.

आदल्या संध्याकाळी भिंगरीने घरी जेवताना सगळी भानगड ताटाभोवती वाट्या मांडून दाखवली. मागची मुलगी बॅटन घेऊन येते, तेव्हा पुढचीने आधीच पळायला लागायचं असतं. वळून बघत बसलं की वेळ गेला. म्हणून ती मागे थोड्या अंतरावर जमिनीवर एक खूण करून ठेवते. मागचीचा पाय त्या खुणेवर पडला की पुढचीने तोंड फिरवायचं, जीव खाऊन पळायचं आणि हात मागे करायचा. खूण चुकली की सगळं चुकलं. आत्याने मान डोलावली. आंतरराष्ट्रीय स्पर्धा आहे, तेव्हा खूणही तशीच असणार, एखादं निशाण किंवा निदान रंगाचा जाड पट्टा, असं तिने मनाशी धरलं. यात तिचा काय दोष? तुम्हीआम्हीही तेच धरलं असतं.

दुसऱ्या दिवशी फाटकावरच्या रखवालदाराने पिशवीतलं उलथनं काढून घेतलं. हे शस्त्र आहे म्हणाला. आत्याने त्याला त्याचा उपयोग समजावून सांगितला, तरी ऐकेना. मग ती रिकाम्या हातांनी, पण दहाही नखांसह, आत गेली.

स्वयंसेवकांची रांग तिसऱ्या मुलींच्या जागी पोचली तेव्हा मुलींची तयारी झाली होती. भिंगरीची लेन सगळ्यांत बाहेरची, प्रेक्षकांच्या बाजूची. भिंगरीने आत्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं, कपडे टोपलीत टाकले आणि तोंड फिरवून पाय ताणायला लागली. बाकीच्या टोपल्या रांगेने निघाल्या. आत्याही निघाली. आणि थोडं मागे, नेमकी आपल्या लेनमध्ये, तिला ती दिसली.

पांढऱ्या चिकटपट्टीचा एक तुकडा. दातांनी तोडल्यासारखा वाकडातिकडा, आणि वर एक कोपरा सुटलेला.

बाकीच्या लेनमध्येही असले तुकडे होते, हे आत्याला दिसलं. पण दुसऱ्याच्या घरातला कचरा आपण काढायचा नसतो, एवढी रीत तिला कळत होती. आपल्या पोरीच्या वाटेत मात्र कोणाची तरी चिकटपट्टी पडलेली ती कशी चालवून घेणार? पायात आली म्हणजे? आत्याने टोपली कमरेवर घेतली, वाकली, सुटलेल्या कोपऱ्यात नख घातलं आणि एका झटक्यात पट्टी काढली. इतक्या सफाईने निघाली की तिला मनापासून समाधान वाटलं. चालता चालता तिने गोळीसुद्धा वळली.

मागे भिंगरीने खूण बघायला मान वळवली.

खूण नव्हती. लाल जमीन होती, आणि तिच्यावरून डुलत डुलत चाललेली पिवळी आत्या होती. भिंगरी आत्याच्याच घरात लहानाची मोठी झाली होती. तिला पुरावा लागला नाही.

"आत्या," ती तिथूनच म्हणाली, "हातात काय आहे?"

आत्याने मूठ उघडली. तळहातावर करडी गोळी होती. भिंगरीच्या चेहऱ्याकडे बघितल्यावर तिला आदल्या संध्याकाळच्या वाट्या आठवल्या. ती गोळी उलगडायला लागली. पण आत्याने वळलेली गोळी आजवर कधी उलगडली नव्हती. चिकटपट्टीचं रीळ प्रशिक्षकांकडे, ते मैदानाच्या पार पलीकडे. बाकीच्या मुलींची रिळं त्यांच्या टोपल्यांतून निघून गेलेली. आणि लाउडस्पीकरवरून सगळ्यांना शांत राहायला सांगत होते, म्हणजे शर्यत सुटायच्या बेतात होती. दोनदा बॅटन दुसऱ्यांनी पाडला. तिसऱ्या वेळी घरच्याच माणसाने घात केला, असं आत्याच्या मनात आलं आणि तिला रडू फुटलं.

"कुठे होती ती?" भिंगरीने विचारलं.

आत्याला जागा शोधावी लागली नाही. जिथून काही सोललं ती जागा ती विसरत नसे. ती दोन पावलं मागे आली आणि लेनच्या बाहेर, कडेच्या गवतावर, बरोब्बर त्या ठिकाणी थांबली.

"तिथेच राहा. तशीच उभी राहा. हलू नकोस."

इतक्यात पांढऱ्या टोपीचे एक पंच हात हलवत धावत आले. या बाई अजून इथे कशा, असं ते विचारणार होते. पण तेवढ्यात पलीकडे सुरुवात करून देणाऱ्याने पिस्तूल वर केलं. आता कोणी जागचं हललं तर सगळ्या मुली विचलित होणार. पंच आहे तिथेच थिजले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "बाई, आता अजिबात हलू नका."

दोन माणसांनी आत्याला एकाच वेळी एकच गोष्ट सांगावी, असं तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. आत्या हलली नाही. कमरेवर टोपली, मुठीत गोळी, नाकावरून ओघळणारं पाणी, तेही पुसलं नाही. अडचण एकच होती. 'तशीच' म्हटलं तेव्हा तिचं तोंड प्रेक्षकांकडे होतं आणि पाठ मैदानाकडे.

बार झाला. समोर हजारो माणसं एकदम उठून उभी राहिली आणि सगळ्यांच्या माना डावीकडून उजवीकडे फिरायला लागल्या. आत्याला त्या मानाच दिसत होत्या. मग पाठीमागून पावलांचा आवाज आला, वाढत गेला, तिच्या अगदी मागून वारा गेला. त्याच क्षणी पुढे दुसरी पावलं सुटली. ती ओळखीची होती. जिन्यावरून शाळेला उशीर झाल्यावर उतरायची तीच. कोणीतरी ओरडलं, टाळी वाजल्यासारखा हातावर हात पडला, आणि ती पावलं लांब लांब गेली. वळून बघावं म्हणून आत्याचा जीव तीळ तीळ तुटत होता. पण पोरीने हलू नकोस म्हणून सांगितलं होतं, आणि कधीपर्यंत ते सांगितलं नव्हतं. समोरच्या माना वळत वळत थांबल्या, लोक खाली बसले, तरी ती उभीच. शेवटी पंचांनी हळूच तिच्या कोपराला हात लावला आणि म्हणाले, "बाई, झालं."

संघ सहावा आला. पण बॅटन पोचला. प्रशिक्षक एवढे रडले की पहिल्या आलेल्या संघाने त्यांना पाणी दिलं. गल्लीत तर सोन्याचं पदक आल्यासारखा दंगा झाला. आत्या सगळ्यांत जवळ होती, म्हणून जो तो तिलाच विचारायला लागला, कशी धावली भिंगरी? आत्या म्हणायची, छान धावली. किती छान? खूपच छान. रात्री टीव्हीवर शर्यत पुन्हा दाखवली. कॅमेरा पुढच्या मुलींवर होता. भिंगरीचं एक कोपर दिसलं, आणि त्याच्या मागे टोपली घेऊन पुतळ्यासारखी उभी आत्या मात्र नखशिखांत दिसली. गल्लीने तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या.

भिंगरीने वाजवल्या नाहीत. ती पडद्याकडे आणि आत्याकडे आळीपाळीने बघत होती.

"तुझी पाठ होती," ती म्हणाली. "तू काहीच बघितलं नाहीस."

"हलू नकोस म्हणालीस ना तू," आत्या म्हणाली. मग बाटल्यांवर नसलेली लेबलं काढायला स्वयंपाकघरात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पहिला खेळ सुरू व्हायच्या आधी, भिंगरी चित्रपटगृहात आली. तिथला लांबलचक दगडी बोळ आत्याने नुकताच पुसला होता. भिंगरीने दातांनी चिकटपट्टी तोडली आणि आत्याच्या डोळ्यांदेखत त्या स्वच्छ फरशीवर चिकटवली. आत्याने मुठी वळून नखं आत घेतली. तिकीटखिडकीवरचे काका धडपणे चालायचेही कष्ट घेत नसत. त्यांच्या हातात जुन्या चित्रपटाची जाहिरात गुंडाळून दिली आणि पळत यायला सांगितलं. पहिल्या वेळी काकांची चप्पल सुटली. दुसऱ्या वेळी ते खुणेपाशीच दम खायला बसले. मालक बाहेर आले आणि काय चाललंय ते बघून, रागवायचं सोडून, काकांना मागून ढकलायला लागले.

आत्या बोळाच्या कडेला खुर्ची टाकून बसली होती. या वेळी तोंड बरोबर दिशेला होतं.

तिसऱ्या वेळी काकांचा पाय पट्टीवर पडला. भिंगरीने तोंड फिरवलं, हात मागे केला, गुंडाळी हातात आली, आणि ती सुटली. सगळा बोळ, दर्शनी टोकाच्या आरशांपासून मागच्या दारापर्यंत, ती एका दमात गेली. आत्याने पापणी लववली नाही. डोळे भरून आले तरी मिटले नाहीत. एवढी मोठी झाली पोर आणि हे मी आत्ता बघतेय, एवढंच तिच्या मनात येत होतं.

भिंगरी आता नोकरीला लागली आहे. बोळ रोज पुसला जातो. नवा माणूस कामाला आला की विचारतो, मधे ही घाणेरडी चिकटपट्टी कशाला? आत्या सांगते, ती तशीच राहू दे, आणि तिच्या चारी बाजूंनी फडकं फिरवते. परवा पट्टीचा एक कोपरा सुटला होता. आत्या बराच वेळ त्याच्याकडे बघत उभी राहिली. मग गुडघ्यांवर बसली आणि अंगठ्याने दाबून तिने तो पुन्हा चिकटवला.