घाबरू नये

चष्मा कपाळावर चढवायचा, कीव आल्यासारखं आपल्याकडे बघायचं आणि म्हणायचं, "सर, ते लिहिलंय. तुम्ही वाचलं नाही." असा एखादा तुमच्याही गल्लीत असेल. आमच्या कडेगावात तो दर शनिवारी पुण्याहून माझ्या शेजारच्या घरी, आपल्या आईकडे यायचा.

घरातले दिवे, पंखे, पाण्याची मोटर फोनवरून चालवायचं एक सॉफ्टवेअर आहे. जगभरची मंडळी ते फुकट बनवतात, फुकट वाटतात. ते कसं वापरायचं हे मराठीत लिहायचा मक्ता या गड्यानं आपणहून घेतला होता. सॉफ्टवेअर फुकट म्हणून मराठीही वाटेल तशी उधळायची का? 'प्रकाशयोजना कार्यान्वित करण्यापूर्वी उपकरणाची उपलब्धता सुनिश्चित करावी.' म्हणजे काय, तर दिवा लावा! मी हायस्कुलात जन्मभर मराठी शिकवलं. नववीतल्या कुणी असं लिहिलं असतं तर बाकावर उभं केलं असतं.

ही सगळी यंत्रणा त्यानं आईसाठीच बसवली होती. काकी एकट्या राहायच्या. "हितंच मरीन, पर त्या फ्लॅटात न्हाई यायची," म्हणायच्या. शेवटी मायलेकांत ठरलं, की घर त्याला पुण्यात फोनवर दिसत राहील आणि काकी इथंच राहतील.

आता गंमत ऐका. आमच्याकडे ढग गडगडले की आधी मेन स्विच बंद करतात, टीव्हीबिव्ही जळू नये म्हणून. काकींना ही शिस्त नवऱ्यानं लावलेली. पहिल्याच वळवाला त्यांनी मेन बंद केला आणि पुण्यात साहेबांच्या फोनवरून अख्खं घर गायब. लगेच मला फोन, "सर, पळा! आईला काहीतरी झालंय!" मी अनवाणी चिखल तुडवत गेलो, तर काकी चिमणीच्या उजेडात शेंगा फोडत बसलेल्या.

"का वं मास्तर, भिजत कशाला आलाय?"

असं कितीदा तरी झालं. शनिवारी आला की तो आईवर चिडायचा, "मेन बंद करायचा नाही! लिहून ठेवलंय मी!"

"तुजं लिवल्यालं आभाळानं वाचलंय व्हय रं?" काकी विचारायच्या.

एकदा मी त्याला झापलंच. "अरे शहाण्या, जगाला शिकवतोस आणि आपल्या घरात काय चालतं ते तुझ्या लिखाणात कुठाय?" गडी फुगून बसला. पण पुढच्याच शनिवारी माझ्या कट्ट्यावर बसून त्यानं नवा मजकूर वाचून दाखवला. 'मेघगर्जनेसमयी प्रणाली असंपर्कित आढळल्यास घाबरू नये. कुटुंबीयांनी मुख्य कळ बंद केली असण्याची शक्यता असते.' मेघगर्जनेसमयी म्हणे! पण वाचताना पहिला नंबर आलेल्या पोरासारखा फुलला होता. मला हसू आलं, आणि खरं सांगतो, त्याची मायाही वाटली.

त्यानंतर मला फोन यायचे थांबले.

परतीच्या पावसात एका संध्याकाळी आभाळ फाटलं. काकींनी मेन बंद केला आणि अंधारात माघारी वळताना उंबऱ्याला अडखळल्या. पुण्यात घर दिसेनासं झालं. तो घाबरला नाही. सकाळी मी दूध घेऊन मागच्या दारानं गेलो, तेव्हा काकी फरशीवर तशाच पडून होत्या. खुबा मोडला होता. रात्रभर माझ्या पत्र्यावर पाऊस असा वाजत होता, की त्यांच्या हाका मलाही ऐकू आल्या नाहीत.

"त्येला वरडू नगा," त्या आधी हेच बोलल्या. "त्येला वाटलं आसंल, मेन बंद केलाय."

दुपारी तो पोचला. चष्मा हातात धरून कट्ट्यावर बसला. "सर, मी बघितलं होतं. घर दिसत नव्हतं. आणि मी जेवायला बसलो." एरवी मी त्याला काय काय ऐकवलं असतं. त्या दिवशी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं ठेवला.

काकी आता पुण्याच्या फ्लॅटात असतात. घराला कुलूप आहे, तोही येत नाही. त्याचं लिखाण मात्र मी फोनवर अजून उघडतो. चुका काढायची खोड जात नाही, दुसरं काय! परवा बघितलं, तर ती मेघगर्जना गेली होती. एवढं सरळ मराठी त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच लिहिलं असेल:

'घर दिसेनासं झालं तर घाबरा. आधी फोन करा. उचलला नाही तर शेजाऱ्याला पळवा.'