वर्लाची एक्केचाळीस नावं

वर्ला कॉडिलच्या हातात फॉर्म देऊ नये, हे आमच्या स्पाइसलिक घळीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. रकाना एका शब्दाचा असला तरी ती त्यात अख्खी कहाणी लिहिते. पण हा फॉर्म तिलाच भरायचा होता. तिची नात परत घरी येणार की नाही, ते त्यावर ठरणार होतं.

नात ब्रायली, सहा वर्षांची. तिची आई शॉना, म्हणजे वर्लाची लेक, नशेच्या गोळ्यांच्या नादी लागली आणि शेवटी व्यसनमुक्ती केंद्रात गेली. सरकारनं पोरीला उचलून तालुक्याच्या गावी एका जोडप्याकडे सांभाळायला ठेवलं. जोडपं चांगलं होतं, नावं ठेवायला जागा नव्हती, आणि खरी भीती तीच होती. चौदा ऑगस्टच्या सुनावणीत आजी-आजोबा पात्र ठरले नाहीत, तर ते ब्रायलीला दत्तक घ्यायला तयार होते. तोवर वर्ला आणि तिचा नवरा होबर्ट यांना दर गुरुवारी एक तास भेट, तीही कचेरीत, समोर सरकारी बाई बसलेली.

घराची तपासणी तशी झकास झाली. धूर झाला की वाजणारी घंटा हवी म्हटल्यावर होबर्टनं ती प्रत्येक खोलीत लावली, शिवाय कोंबड्यांच्या खुराड्यातही. बंदुका कपाटात कुलूपबंद केल्या. तपासायला आलेल्या मिस पॅटनला वर्लानं घेवड्याचं कालवण आणि मक्याचा पाव खाल्ल्याशिवाय सोडलं नाही. पोरगी बिचारी नियम सांगत होती आणि जेवत होती.

घोडं अडलं ते शेवटच्या पानावर. 'तुम्ही दोघं आजारी पडलात तर मुलीला सांभाळणाऱ्या एका व्यक्तीचं नाव.' वर्लानं त्याला पुरवणी जोडली. एक्केचाळीस नावं.

"अगं, एक मागितलंय," मी म्हटलं.

"एक लिहिलं तर उरलेले चाळीस माझ्या मयतीलाही यायचे नाहीत! चुलतभाऊ ऑर्वलच्या बायकोला भाची रोझाच्या लग्नात केक वाढायला सांगितलं नाही, त्याला एकोणीस वर्षं झाली. अजून रोझाच्या दारावरून जाताना मान फिरवते ती."

मी यादी वरपासून खालपर्यंत वाचली. चुलत, मावस, आते, वारलेल्या दिराचा जावईसुद्धा. माझं नाव नव्हतं. मी ओहायोहून इथं शाळेची बस चालवायला आले त्याला एकतीस वर्षं झाली. राहते वर्लाच्या शेजारी, निम्मं जेवण तिच्या हातचं. पण रक्ताची नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? कॉफी तशीच ठेवून मी घरी आले.

आठवड्यानं वर्लाला मिस पॅटनचा फोन आला. ज्याचं ज्याचं नाव दिलंय त्याच्या बोटांचे ठसे घ्यायचे, पोलिसांकडून माहिती मागवायची. एक्केचाळीस जणांचं व्हायला नाताळ उजाडेल. शिवाय यादीत डेल्बर्ट होता. त्यानं सरकारी जंगलात बंदीच्या दिवसांत जिनसेंगची, म्हणजे औषधासाठी महाग विकली जाणारी, मुळं खणली होती, आणि वनरक्षकानं त्याला पोत्यासकट धरलं होतं.

वर्ला म्हणजे एरवी अस्वलाला झाडूनं हाकलणारी बाई. त्या दिवशी मात्र पायरीवर मटकन बसली.

"मी माझ्याच हातानं पोरीला घालवलं गं, नेडा."

"घालवलं काय! नवा कागद घे, एक नाव ठेव, बाकीची खोड."

"माझ्याच्यानं नाही खोडवत."

रविवारी प्रार्थना संपली, चर्चच्या अंगणात जेवणाची टेबलं लागली, तशी वर्ला बाकावर चढली. "मंडळी, नातीसाठी मला तुमच्यातलं एकच नाव ठेवायचंय. मला खोडवत नाही. तुमचं तुम्हीच खोडा." आणि यादी तिनं थरांच्या केकशेजारी ठेवली, वर पेन.

रांग लागली. ऑर्वलच्या बायकोनं स्वतःचं नाव इतक्या जोरात खोडलं की कागद फाटला. डेल्बर्टनं दोनदा खोडलं. "माझ्यापायी पोरगी अडायला नको," म्हणाला आणि नाक पुसत बाजूला झाला. प्रत्येक जण मोठ्या मनानं खोडत होता, कारण आपलं नाव ठेवायचं म्हणजे आपण बाकीच्यांपेक्षा शहाणे असं म्हणण्यासारखं. केक संपला तेव्हा कागद वर्लाच्या हाती परत आला. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस नावांवर काट.

"घ्या!" होबर्ट म्हणाला. "चाळीस जायला हवे होते, एक जास्तच प्रेमळ निघाला."

सोमवारी सकाळी मिस पॅटन कागद न्यायला येणार होती. वर्ला कागदाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे.

"नेडा, तुझ्या बोटांचे ठसे सरकारकडे असतील ना?"

"आहेत की. पोरांची बस चालवते मी. दरवर्षी तपासतात."

"आणि तू तर कुणाचीच नाहीस."

"वर्ला, हे ऐकवायची ही वेळ आहे का?"

"अगं बये, म्हणून तर! तुझं नाव लिहिलं तर रुसणार कोण? तू ना ऑर्वलकडची, ना रोझाकडची."

"लिहून टाका हिला!" डेल्बर्ट ओरडला, आणि सगळ्या अंगणानं माना डोलावल्या. रोझानं आणि ऑर्वलच्या बायकोनं तर एकदमच. वर्लानं माझं नाव लिहिलं. रागवावं की आनंदानं रडावं ते मला कळेना, म्हणून मी पातेलं पुसून कालवण खाल्लं.

चौदा ऑगस्टला न्यायाधीशांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मुलीशी नातं काय? इथं रकाना रिकामा आहे."

"शेजारीण," मी म्हटलं.

"घरची लिहा, साहेब!" वर्ला मागून ओरडली.

न्यायाधीशांनी तिला गप्प बसायला सांगितलं, काहीतरी लिहिलं, आणि खाली सही केली. ब्रायली आजी-आजोबांकडे राहील.

बाहेर होबर्टनं ट्रकची किल्ली माझ्या हातात कोंबली. "बस चालवतेस, आज हाही चालव," म्हणाला. तो सुटाबुटात मागच्या उघड्या भागात बसला आणि निवडून आल्यासारखा रस्त्यावरच्या प्रत्येकाला हात करत राहिला. पुढे मी, वर्ला, आणि मध्ये ब्रायली. तिनं आपलं दप्तर पोटाशी घट्ट धरलं होतं. वर्लानं दोनदा हात पुढे केला, पण तिनं ते दिलं नाही.

घळीच्या तोंडाशी वळलो तेव्हा ब्रायली पहिल्यांदा आजीशी बोलली. "मॅमॉ, माझी खाट आहे अजून?"

"आहे तिथंच आहे. कोण हलवतंय?"

"मी किती दिवस झोपायचं तिथं?"

वर्ला पर्समध्ये रुमाल शोधू लागली. मग मीच म्हटलं, "तुझे पाय खाटेबाहेर येईपर्यंत. मग होबर्ट नवी करील."

ब्रायलीनं स्वतःच्या पायांकडे पाहिलं, थोडा विचार केला, आणि दप्तर खाली ठेवलं.