कुठलं कर्जत?

कर्जतजवळ पळसदरीला, गावी परत येऊन घरूनच नोकरीचं काम करू लागलो, त्या वर्षी भातकापणीच्या दिवसांत मी पायथॉन या संगणकाच्या भाषेत एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. ती रोज सकाळी हवामानाच्या एका वेब सर्व्हिसला ‘कर्जत’ एवढं नाव पाठवी आणि आलेलं उत्तर मराठीत करून आईच्या मोबाइलवर टाकी. कापलेलं भात वाळायला शेतात पसरलेलं असतं. पाऊस येणार असेल तर आधी कळावं, एवढाच हेतू.

रोज मेसेज जायचा, पाऊस नाही. पडायचाही नाही. तरी आई तो वाचून अंगणात जायची आणि घाटाकडे बघत राहायची. मला तिचा राग यायचा.

एका दुपारी घाटावर ढग काळे झाले. आईने शांतपणे विचारलं, "तुजं ते मशीन कुटलं आबाळ बघतंय रं?"

मी स्क्रिप्ट पुन्हा चालवली. सर्व्हिसने ‘दोनशे’ हा आकडा दिला, म्हणजे सगळं सुरळीत. बाहेर अंधारून आलेलं असताना तो आकडा बघून मलाच शंका आली. आजवर मी उत्तरातला फक्त पावसाचा रकाना वाचत होतो. पायथॉनचं असं की समोरून काय येतंय याची ती चौकशी करत नाही, आपण मागू तेवढं काढून देते. या वेळी मी अख्खं उत्तर स्क्रीनवर काढलं. हवा इतकी कोरडी, की आमच्याकडे मे महिन्यातही नसते. खाली अक्षांश-रेखांश होते. नकाशात टाकले, तर ठिपका घाट ओलांडून नगरकडच्या कर्जतवर पडला. एका नावाची दोन गावं, सर्व्हिसने त्यातलं एक परस्पर निवडलं होतं.

आईला सांगितलं. ती हसली नाही. "म्हंजे इतके दिस आपन त्यांचं ऊन वाचत व्हतो," म्हणाली आणि शेताकडे निघाली. शेजारच्या काकू मदतीला आल्या. भारे बांधून पडवीत आणेपर्यंत पाऊस आलाच. बांधालगतचं भात भिजलं, पुढे त्याला मोड आले.

आता मी नावाऐवजी अक्षांश-रेखांश पाठवतो. उत्तरं बहुतेक बरोबर येतात. तरी नोकरीच्या कामातही ‘दोनशे’ दिसला की मी आधी आतलं उघडून बघतो, हे नक्की कोणाबद्दल बोलतंय. आईला मेसेज रोज जातो. तिने तो केव्हाच म्यूट करून ठेवलाय, हे मला अलीकडे कळलं.